दादाचं विमानांचं मशीन

दादाला झटका आला तेव्हा तो साताऱ्यात राजवाड्याजवळच्या मंडईत वांगी निवडत होता. हातातलं वांगं खाली पडलं, ते उचलायला तो वाकला आणि तिथंच बसला. त्याचं तोंड वाकडं झालेलं भाजीवालीनंच आधी पाहिलं आणि रिक्षा थांबवली, म्हणून वेळेत दवाखाना मिळाला. जीव वाचला. उजवा हात मात्र गेला. म्हणजे होता जागेवरच, पण दादाचं काही ऐकत नव्हता.

दादा एसटीचा ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटातल्या गाड्यांवर काढली आणि रिटायर झाला. उजव्या हातात स्टिअरिंग, डाव्यात गिअर, हेच त्याचं आयुष्य. आता त्याला त्या हातानं घास उचलता येईना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी एक मऊ चेंडू दिला होता, दिवसभर दाबत राहा म्हणून. वहिनीचा मला सांगलीत रोज फोन यायचा.

"वन्सं, तुमी तरी सांगा. चेंडूकडं बघत बी न्हाईत. भिंतीकडं तोंड करून बसत्यात."

मी मुळात काळजी करणारी बाई आहे. फोन दुपारी वाजला तरी मी हातातलं टाकून धावते. पुण्यातली मुलगी मेसेजला उत्तर देईपर्यंत मला दुसरं काम सुचत नाही. वहिनीच्या त्या फोननंतर तर मी सोल्डरिंग गन हातात घेऊन नुसतीच बसून राहायची. माझं काम घरीच असतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे. कुपवाडच्या कारखान्यांतलं एखादं मशीन बंद पडलं की त्याच्या आतलं सर्किट बोर्ड काढून लोक माझ्याकडे आणतात. नवराही कुपवाडलाच एका वर्कशॉपमध्ये आहे, तो येताजाता ही बोर्डं ने-आण करतो.

एक दिवस वहिनीच्या नंबरवरून दादाच बोलला. झटक्यानंतर त्याचे शब्द जड झाले होते, एकेक ओढून आणल्यासारखे.

"मशीन घावलंय."

"कसलं मशीन?"

"आपलं. विमानाचं."

मला क्षणभर वाटलं, याचं डोकं भरकटतंय. मग लक्षात आलं.

आमच्या लहानपणी साताऱ्याच्या एसटी स्टँडजवळ एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दाराला जाड पडदा, आत अंधार, आणि त्या अंधारात कपाटाएवढी एकच मोठी पेटी. काचेत चंद्र दिसायचा, आणि चंद्राच्या पुढून परग्रहावरची विमानं रांगेनं खाली उतरायची. खरं तर ती खेकड्यांसारखी दिसत, पण सगळा सातारा त्यांना विमानंच म्हणायचा. खाली आपली एक तोफ. ती डावीकडे-उजवीकडे सरकवायची आणि गोळ्या झाडायच्या. मुली तिथं जात नसत. दादा कॉलेजात होता, तो मला एकदा हाताला धरून घेऊन गेला आणि स्टुलावर उभं केलं. त्याचा खेळ मी पाहिला, पण खेळापेक्षा मला आठवतो तो आवाज. धप, धप, धप, धप. विमानं कमी होत जातील तसा तो वाढत जायचा. मी दादाचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला होता.

ते दुकान कधीच बंद झालं. ती पेटी मालकानं फलटणला सासुरवाडीच्या गोदामात टाकली होती आणि तिथं तिच्यावर उसाच्या हंगामातल्या ताडपत्र्या पडून होत्या. गोदाम मोकळं करायचं म्हणून ती भंगारात निघाली. हे दादाला सांगितलं त्याच्या जुन्या कंडक्टरनं, आणि दादानं ती घेतली. वहिनी संतापली.

"घास तोंडापतूर जाईना, आन् ह्यांना खेळ खेळायचाय!"

व्यायामाच्या मॅडम मात्र म्हणाल्या, "खेळू द्या. कशासाठी का असेना, हात हलवायची इच्छा व्हायला हवी."

त्यामुळे एका टेम्पोतून ती पेटी फलटणहून थेट माझ्या दारात, सांगलीच्या गावभागात आली. टेम्पोवाल्यासोबत दादाचा निरोप होता. गणपतीच्या आधी चालू करून दे.

आमचं घर तळमजल्यावर आहे. नवऱ्यानं पेटीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे कपाट ठेवायचं कुठं?"

"बाहेरच्या खोलीत."

"आणि पावसाळा?"

तो एवढंच बोलला. गावभागातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. एकोणीसच्या महापुरात आमच्या खिडकीच्या वरच्या गजापर्यंत पाणी होतं. भिंतीचा रंग आम्ही दोनदा काढला, तरी ओल येते तेव्हा ती रेघ अजून दिसते.

मी पेटी उघडली. आत उंदराचं घरटं, उसाचं पाचट आणि धूळ. पण आतली रचना पाहून मी काम विसरून नुसती बघत राहिले. लहानपणी मला वाटायचं, विमानं आणि चंद्र एकाच पडद्यावर आहेत. तसं नव्हतंच. पिक्चर ट्यूब खाली, वर तोंड करून आडवी ठेवलेली होती. तिच्यावरचं चित्र तिरप्या बसवलेल्या काचेत पडायचं, आणि ती काच अर्धी आरसा, अर्धी पारदर्शक होती. त्या काचेच्या मागे पुठ्ठ्यावर रंगवलेला चंद्र, खड्ड्यांसकट, आणि त्याच्यावर उजेड टाकायला एक निळसर ट्यूबलाइट. बघणाऱ्याला आरशातली विमानं आणि मागचा चंद्र एकदमच दिसायचा. आणि रंग? ट्यूब तर ब्लॅक अँड व्हाइट होती. तिच्या काचेवर रंगीत जिलेटिनच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, खाली हिरवी, वर केशरी. विमान एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेलं की रंग बदलायचा.

रात्री जेवताना मी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सगळी फसवणूकच की."

"फसवणूक नाही. होतं तेवढ्यात भागवलंय."

या खेळाबद्दल मी मग मिळेल ते वाचत गेले. जपानमधल्या एका इंजिनिअरनं तो जवळजवळ एकट्यानं बनवला. चित्रं त्यानंच काढली, प्रोग्रॅम त्यानंच लिहिला, बोर्डही त्यानंच जुळवलं. त्या काळचा प्रोसेसर इतका हळू होता की एका वेळी एकच विमान पुढे सरकायचं. पडद्यावर विमानं खूप असली की सगळ्यांना हलवून व्हायला वेळ लागायचा. ती मरत जातील तसं काम कमी, म्हणून उरलेली जोरात पळायची. त्यानं हा दोष म्हणून काढून टाकला नाही, खेळातच ठेवला. लहानपणी मला घाबरवणारा तो वाढता वेग म्हणजे मुळात एका गरीब प्रोसेसरची ओढाताण होती.

मला स्वतःला भीती होती ती पिक्चर ट्यूबची. जुन्या ट्यूबमध्ये मशीन बंद असलं तरी हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. आणि आत हवा नसते, त्यामुळे मागची काचेची मान तुटली तर ती आतल्या आत फुटते आणि काचा खोलीभर उडतात. आम्हाला शिकवणारे सर सांगायचे, ट्यूबला हात लावताना दुसरा हात पाठीमागे ठेवा, म्हणजे करंट छातीतून जाणार नाही. मी रबरी हातमोजे घातले, स्क्रू ड्रायव्हरला तार बांधून तिचं दुसरं टोक मशीनच्या लोखंडी सांगाड्याला अडकवलं, डावा हात पाठीमागे घेतला आणि ट्यूबच्या रबरी टोपीखाली स्क्रू ड्रायव्हर सरकवला. फटाक्यासारखा आवाज होतो म्हणतात. काहीच झालं नाही. इतकी वर्षं बंद पडलेल्या ट्यूबमध्ये काय उरणार होतं? पण माझा ब्लाउज घामानं भिजला होता.

वीजपुरवठ्याचा भाग मी नव्यानंच बांधला, कारण जुने कंडेन्सर फुगून फुटले होते. बोर्डाचे हिरवे पडलेले पाय खोडरबरनं घासले. मेमरीची एक आयसी, म्हणजे चिप, मेली होती, ती कुपवाडच्या एका जुन्या दुकानदाराच्या डब्यात सापडली. खेळाचा प्रोग्रॅम ज्या आयसींमध्ये होता त्यांना वर काचेची खिडकी असते आणि त्या खिडकीतून ऊन लागत राहिलं तर आतला प्रोग्रॅम हळूहळू पुसला जातो. खिडकीवरचे कागद अर्धे गळून गेले होते. गोदामातल्या अंधारामुळे तो वाचला असेल, नसेल, काही कळायला मार्ग नव्हता. मी नवे कागद चिकटवले आणि बटण दाबलं.

ट्यूबवर आधी नुसता कचरा आला. मग तो स्थिर झाला, आणि आकडे, अक्षरं, सगळं उलटं. मी कुठंतरी वायर चुकीची जोडली या विचारानं ती सगळी संध्याकाळ मी सगळं पुन्हा पुन्हा तपासत बसले. शेवटी नवराच म्हणाला, "अगं, तू आरशात बघायचं ना ते?" ट्यूब मी पेटीतून बाहेर काढली होती. आरशात सरळ दिसावं म्हणून चित्र मुद्दामच उलटं होतं.

मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. फोन स्पीकरपाशी धरला. धप, धप, धप, धप.

वहिनीनं फोन त्याच्या तोंडासमोर धरला होता. त्यानं कान फोनला लावला. मग म्हणाला, "आणखी जवळ धर."

"दादा, अजून काम आहे. तापलं की चित्र फाटतंय. दोन आठवडे दे."

"दे की. मी कुटं निगालोय?"

आणि मग पाऊस लागला.

सांगलीचा पूर सांगलीच्या पावसावर ठरत नाही. तो वर ठरतो, साताऱ्याकडच्या डोंगरात. कोयनेचे दरवाजे उघडले की ते पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि दिवस-दीड दिवसानं आमच्या पुलापाशी येतं. खाली कर्नाटकात अलमट्टीत पाणी अडलेलं असेल तर आणखी तुंबतं. त्यामुळे त्या दिवसांत गावभागात कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही. "पातळी किती?" एवढंच विचारतात.

दादाला तर उद्योगच मिळाला. टीव्हीवरच्या बातम्यांवर त्याचा विश्वास नव्हता. तो पाटण डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांना फोन करायचा आणि मग मला.

"मूळगावच्या पुलावर पाणी आलंय. पाटणची गाडी फिरवून सोडत्यात. म्हंजी दरवाजं आणखी उचलनार."

"हो दादा, बघतोय आम्ही."

"बगू नको. नीघ."

एकोणीसला तो अजून नोकरीत होता. रजा टाकून मित्राची जीप घेऊन तो आम्हाला न्यायला आला होता, आणि पाणी दारात येण्याआधी त्यानं आम्हाला साताऱ्याला पोचवलं होतं. आता त्याला फोनसुद्धा वहिनी लावून द्यायची. त्याच्या जड जिभेतून "नीघ" हा एकच शब्द स्पष्ट यायचा. दिवसभर तोच.

पाणी इशारा पातळीला लागलं तेव्हा शेजारपाजारचे फ्रीज वर जायला लागले. आमच्या वरच्या मजल्यावर एक जैन काका राहतात, तासगावच्या बेदाण्याचे व्यापारी. जिन्यात बेदाण्याचे खोके असतात आणि सगळा जिना गोडसर वासाचा. ते स्वतःच खाली आले.

"आणा वर काय आणायचं ते. विचारताय काय? आणि आज दिवस मावळायच्या आत आमच्याकडंच जेवून घ्या, चूल कशाला पेटवताय."

आम्ही तांदूळ, कपडे, कागदपत्रं, मिक्सर, कुपवाडच्या लोकांची बोर्डं वर नेली. मग पेटी उरली, ट्यूब पुन्हा आत बसवलेली. नवरा आणि काकांचा हमाल, दोघांनी ती कशीबशी उचलली. जिन्याच्या वळणावर ती अडकली. उभी केली, आडवी केली, तिरपी केली. कठड्याला घासून एक फळी निघाली.

नवरा घामाघूम होऊन म्हणाला, "राहू दे आता ही. फ्रीज अजून खाली आहे."

"फ्रीज राहू दे."

"काय बोलतेस?"

"फ्रीज नवा मिळतो. ही ट्यूब कुठं मिळणार?"

"अगं, तो खेळ आहे! घरात पाणी येतंय आणि तू..." हमाल दुसरीकडे बघत उभा राहिला. मला रडू येत होतं, पण रागानं. खेळ आहे हे मलाही कळत होतं. तरी त्या एका वस्तूखेरीज दादानं झटक्यानंतर कशाचीच आठवण काढली नव्हती.

पेटी परत खोलीत आणली आणि मी तिचे भाग सुटे करायला घेतले. तेवढ्यात वीज गेली. पूर आला की लाइन बंद करतातच. आणि माझ्या लक्षात आलं, मघाशी मी ट्यूब तासभर चालवून पाहिली होती. या वेळी ती रिकामी नव्हती.

नवऱ्यानं मोबाइलचा टॉर्च धरला. बाहेर गटारातून पाणी उलटं वर येत होतं, त्याचा गुडगुड आवाज येत होता. हातमोजे वर गेलेल्या सामानात होते. मी डावा हात पाठीमागे घेतला, तार अडकवली, स्क्रू ड्रायव्हर टोपीखाली घातला. खाडकन आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली. नवऱ्याच्या हातातला टॉर्च पडला.

"लागलं का? अगं बोल ना, लागलं का?"

"नाही."

त्यानं मला काखेत धरून उठवलं. मग त्यानं स्वतःच ट्यूब छातीशी धरली, मान वर करून, तान्ह्या मुलाला धरतात तशी, आणि अंधारात एकेक पायरी चाचपत वर नेली. मी बोर्ड नेलं. आरशाची काच हमालानं नेली. चंद्राचा पुठ्ठा मात्र पेटीच्या आत सरसानं पक्का चिकटवलेला होता. मी कडेनं पट्टी घालून बघितली, तो फाटायला लागला. तो तिथंच सोडला.

दुसऱ्या दिवशी पाणी दारात आलं तेव्हा आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. तो भाग उंचावर आहे. काका मात्र वरच राहिले, बेदाणा सोडून येत नाही म्हणाले. ते फोनवर सांगत, "अजून एक पायरी गेली. बाकी ठीक आहे. तुमचा टीव्ही का काय तो, कोरडा आहे."

नणंदेकडे आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला नाही. मी म्हटलं, झोपला असेल. मग वहिनीचा आला.

"वन्सं, हे तुमच्याशी बोलले का?"

"नाही. का?"

"सकाळी पाय मोकळं करून येतो म्हणून गेले. अजून न्हाईत. मंडईत बघितलं, देवळात बघितलं. फोन घरातच हाय."

माझ्या डोळ्यासमोर एकच गोष्ट आली. दुसरा झटका. कुठल्या तरी गटारीच्या कडेला पडलेला दादा, आणि तोंडातून शब्द न फुटल्यानं दारुडा समजून बाजूनं जाणारी माणसं. मी वहिनीला दवाखान्यांत विचारायला लावलं. कंडक्टरला फोन केला. मधेच काकांचा फोन यायचा, मी घाईनं उचलायची, आणि ते पायरीचं सांगायचे. मला त्या पायऱ्यांचं काही वाटेनासं झालं होतं. नणंदेनं समोर ठेवलेल्या चहावर साय धरली. नवरा म्हणाला, "मी जातो साताऱ्याला," पण जाणार कसा? पेठकडचा रस्ता सांगलीवाडीत पाण्याखाली होता. आम्ही नदीच्या अलीकडे अडकलो होतो आणि सातारा पलीकडे.

दुपार कलली तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, मी आष्टा स्टँडवरून कंट्रोलर बोलतोय. तुमचे भाऊ इथं बसलेत. थांबा, देतो."

"दादा?"

"मी येतोय," दादा म्हणाला.

"कुठं येतोयस? तिथं कसा आलास?"

"गाडीनं. सातारा-सांगली. ती हितंच थांबली. फुडं सोडंनात."

"अरे, रस्त्यावर पाणी आहे! वहिनीला सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर सोडलं नसतं तिनं. तू निगंना. म्हणलं, जाऊन घेऊन यावं."

"दादा, आम्ही कालच निघालो. विश्रामबागेत आहोत. कोरडे आहोत."

"व्हय?"

"हो रे."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

मी सांगितलं होतं. रात्री फोन केला होता, वहिनीनं घेतला होता, आणि तो झोपला म्हणून सकाळी सांगते म्हणाली होती. सकाळी तो तिच्या आधी उठला होता. हे सगळं फोनवर सांगण्यात काय अर्थ होता? मी एवढंच विचारलं, "जेवलास का?"

"कंट्रोलरनं भाकरी दिली. डाव्या हातानं खाल्ली."

मग कंट्रोलर पुन्हा फोनवर आला. "ताई, काळजी करू नका. ड्रायव्हर माणूस आहे, आमच्यातलाच. घामानं भिजलेत, थोडे दमलेत, बाकी चांगलेत. साताऱ्याच्या गाडीत मी स्वतः बसवून देतो, कंडक्टरला सांगतो." त्यानं शब्द पाळला. अंधार पडल्यावर वहिनीचा फोन आला. "आले. आता ह्यांना दोरीनं बांधून ठिवते," आणि ती फोनवरच रडायला लागली. मीही. नवऱ्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि तिला म्हणाला, "वहिनी, आता सगळे झोपा."

पाणी या खेपेला गुडघ्याच्या वर गेलं नाही. पण खालच्या खोलीत ते मुक्कामाला राहिलं तेवढ्यानंही पेटीचं वाटोळं झालं. चिखल उपसायला आम्ही परत आलो तेव्हा तिच्या खालच्या फळ्या फुगून पुरणपोळीसारख्या सुटल्या होत्या. चंद्राचा पुठ्ठा खालून वर ओल शोषत गेला होता. हात लावला तर लगदा हातात आला. फ्रीज वाचला होता. हमाल आणि नवऱ्यानं तो शेवटी नेलाच होता, मला न सांगता.

कुपवाडच्या एका सुताराकडून मी साध्या प्लायवूडची पेटी करून घेतली. ट्यूब आता समोर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. आरसा लावला नाही. त्यामुळे चित्र उलटं दिसलं असतं, म्हणून ट्यूबच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल केली. तोफ सरकवायचा दांडा दादाच्या मुठीत मावावा म्हणून त्याला सायकलच्या हँडलचं रबर चढवलं. गणपती होऊन गेले होते. एका रविवारी टेम्पोनं आम्ही ती साताऱ्याला नेली.

वहिनीनं मशीनकडे बघितलं नाही. दादानं बघितलं. मग म्हणाला, "चंद्र कुटाय?"

"पाण्यात गेला."

त्यानं मान हलवली. डाव्या हातानं उजवा हात उचलून दांड्यावर ठेवला, जसं काही एखादी वस्तू ठेवावी. गोळ्यांचं बटण डाव्या हाताला होतं. मी चालू केलं. पहिल्या खेपेला तोफ एका कोपऱ्यात जाऊन बसली आणि हललीच नाही. विमानांनी तिला तिथंच मारलं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला त्याच्या खांद्यातून हिसका आला, तोफ थोडी सरकली आणि परत अडकली.

"मला उलटा गिअर घावंना," तो म्हणाला.

धप धप वाढत होती. वहिनी आतून म्हणाली, "आवाज कमी करा वो. माझ्याच छातीत धडधडाया लागलंय." मी आवाजाचं बटण फिरवलं. दादाचं कपाळ घामानं चमकत होतं. मला व्यायामाच्या मॅडमना पुन्हा विचारावंसं वाटलं, एवढा ताण चालतो का म्हणून. खेळ संपला तेव्हा त्याची बोटं दांड्याभोवती आवळलेली होती आणि सुटेनात. झटक्यानंतर असं होतं, हात मिटतो पण उघडत नाही. वहिनी पदराला हात पुसत आली आणि तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. "झालं का समाधान?" ती म्हणाली.

"उद्या बी," तो म्हणाला.

परतताना तो मला स्टँडवर सोडायला निघाला. नवरा टेम्पोबरोबर आधीच गेला होता. मी नको म्हणत होते, वहिनीही नको म्हणत होती, पण तो चपला घालून पुढे चालायला लागला होता. एक पाय जरा ओढत, पण चालत. मला गाडीत बसवून त्यानं खिडकीशी उभं राहून ड्रायव्हरकडे निरखून बघितलं.

"बरा दिसतोय," तो म्हणाला. मग वळला.

त्याला घरी जायला स्टँडसमोरचा रस्ता ओलांडायचा होता. संध्याकाळची वेळ, समोरून ट्रक, रिक्षा, दुचाक्या. तो कडेला थांबला, एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. माझी गाडी हलली. मी खिडकीतून मान काढून बघत राहिले, पण तो पलीकडे पोचलेला दिसायच्या आत गाडी वळली.

मी वहिनीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला.

"आवं वन्सं, आता तर गेलात," ती म्हणाली. "इतक्यात कसे येतील ते?"

"आले की सांगा."

गाडी नागठाण्याच्या पुढे गेल्यावर तिचा फोन आला. तो दारातच बसला होता म्हणे, चहा दे म्हणत होता.